टेपवर उतरलेलं मनगट

राजा नंद अयोध्येच्या छावणीत मरण पावला, तेव्हा तीन गुरुबंधू त्याच्याच भेटीला निघाले होते. गुरुदक्षिणा म्हणून एक कोटी सुवर्णमुद्रा द्यायच्या होत्या आणि एवढं धन नंदाखेरीज कुणाकडे असणार? राजाच गेला म्हटल्यावर तिघांतल्या इंद्रदत्तानं योगबळानं राजाच्या मृत देहात प्रवेश केला. त्याचं स्वतःचं शरीर एका ओसाड देवळात ठेवून व्याडी राखणीला बसला. वररुचीनं जाऊन ‘राजा’कडे कोटी मोहरा मागितल्या आणि त्या लगेच मंजूर झाल्या. पण शकटाल हा प्रधान फार हुशार. मेलेला राजा उठून बसतो काय आणि उठल्याउठल्या परक्या ब्राह्मणाला कोटी मोहरा देतो काय! आत दुसरंच कुणी आहे, हे त्यानं ताडलं आणि हुकूम काढला, की राज्यात जिथं प्रेत सापडेल तिथं ते जाळून टाका. देवळातलं शरीरही त्यात गेलं. इंद्रदत्ताला परतायला जागा उरली नाही. पुढचं आयुष्य त्यानं राजाच्याच देहात काढलं.

ही गोष्ट कथासरित्सागरातली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ती संस्कृतात सांगितली. तिचं मूळ मात्र गुणाढ्याच्या बृहत्कथेत आणि गुणाढ्य परंपरेनं सातवाहनांच्या दरबारातला, म्हणजे आपल्या पैठणचा. याच ग्रंथात पुढं राज्यधर नावाचा एक सुतार भेटतो. त्यानं एक अख्खी नगरी लाकडाच्या माणसांनी भरून टाकली आहे. ती माणसं चालतात, वावरतात, कामं करतात, फक्त बोलत नाहीत. त्या नगरीत बोलणारा जिवंत माणूस एकटा राज्यधर.

रोबो बसवणं आणि त्यांना काम शिकवणं हा माझा धंदा आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत वेल्डिंगचे रोबो उभे करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे या दोन गोष्टी एकाच ग्रंथात वाचल्या तेव्हा मला एका प्रश्नानं पछाडलं. इंद्रदत्ताला देह हवा होता. राज्यधराकडे रिकामे देह रांगेनं उभे होते. मग हजार वर्षांत एकाही कथाकाराला इंद्रदत्ताला लाकडाच्या माणसात घालावंसं का वाटलं नाही? यंत्राच्या देहात माणसाचं मन, ही आज चित्रपटांतून पोराटोरांना ठाऊक झालेली कल्पना तेव्हा अगदी हाताशी होती आणि तरीही कुणी ती उचलली नाही.

या कल्पनेच्या जवळ आलेली एक कथा आहे आणि ती आमच्या शेजारचीच. मी दिघीत राहतो. मॅगझीन चौकातून एक रस्ता आळंदीला जातो, एक भोसरीला. सकाळी एकीकडे कंपन्यांच्या बसेस वळतात, आषाढीच्या आधी दुसरीकडून माउलींची पालखी पुण्याकडे येते. ज्या गहिनीनाथांनी माउलींचे गुरू निवृत्तिनाथ यांना उपदेश केला, त्यांच्या जन्माची कथा नवनाथ भक्तिसारात आहे. गोरक्षनाथ संजीवनी मंत्र पाठ करत बसलेले असताना गावातली मुलं त्यांच्यापाशी मातीत खेळत होती. मुलांच्या हट्टासाठी त्यांनी चिखलाचा पुतळा केला. ओठांवर मंत्र होताच, त्या पुतळ्यात करभंजन नारायणानं संचार केला आणि मातीचं बाळ रडू लागलं. घरोघरी पारायणात वाचली जाणारी ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. हातानं घडवलेल्या देहात चैतन्य उतरल्याची ही आपली सर्वांत जिवाभावाची गोष्ट. पण तिथंही उतरतो तो नारायण, स्वतःच्या इच्छेनं. अमुक गावचा अमुक माणूस, त्याच्या आठवणी, त्याच्या सवयी, त्याचं कसब त्या पुतळ्यात उतरत नाही.

परकायाप्रवेशाच्या कथेत मन हे प्रवासी असतं. ते एका जागेहून निघतं आणि दुसऱ्या जागी पोचतं. मूळ जागा रिकामी पडते, म्हणून तर देवळात राखणदार लागतो. एका मनाची दोन मनं होत नाहीत. म्हणून त्या कथांमधली सगळी भीती परतीच्या वाटेची आहे. यंत्रात मन घालण्याच्या आधुनिक कल्पनेत मात्र मनाची नोंद होते, प्रत निघते, ती कपाटात ठेवता येते आणि हवी तेव्हा दुसऱ्या देहात चढवता येते. ही कल्पना सुचायला आधी नोंदच हाताशी असावी लागते. माझं ठाम मत आहे, की रोबोत वसणाऱ्या मनाची कथा संगणकातून किंवा मेंदूच्या शास्त्रातून जन्मली नाही. ती टेपमधून जन्मली आणि त्या टेपवर पहिल्यांदा जे उतरलं ते कामगाराचं मनगट होतं.

याला पुरावा सालांचा आहे. १९३१ साली अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात नील जोन्सची ‘द जेम्सन सॅटेलाइट’ ही कथा आली. प्राध्यापक जेम्सनचं शव अंतराळात फिरत राहतं. चार कोटी वर्षांनी झोर ग्रहावरचे यंत्रमानव त्याला शोधतात आणि त्याचा मेंदू धातूच्या देहात बसवतात. आयझॅक असिमॉव्हनं आपल्या रोबोंवर या झोरवासीयांची छाप असल्याचं पुढं सांगितलं आणि रॉबर्ट एटिंगरला मृतदेह गोठवून ठेवण्याची कल्पना याच कथेवरून सुचली. पण बारकाईनं पाहा, जोन्सच्या कथेत मांसाचा मेंदूच उचलून दुसऱ्या पेटीत ठेवला आहे. म्हणजे इंद्रदत्तच, फक्त योगाच्या जागी शस्त्रक्रिया. प्रत कुठंच नाही.

मग महायुद्ध संपलं. जर्मनांचं चुंबकीय टेपचं तंत्र अमेरिकेत आलं आणि १९४८ साली अँपेक्सचे टेपरेकॉर्डर बाजारात आले. त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये लेथ आणि मिलिंग मशीन टेपवर चालवण्याचे प्रयोग झाले. निष्णात कारागीर मशीन चालवणार, त्याच्या हालचाली टेपवर उतरणार आणि पुढं मशीन एकटंच ती टेप वाजवणार. १९५० मध्ये नॉर्बर्ट वीनरनं आपल्या पुस्तकात माणसाचा संपूर्ण आकृतिबंध तारेनं पाठवता येईल का, हा प्रश्न तत्त्व म्हणून मांडला. १९५२ मध्ये कर्ट व्हॉनेगटची ‘प्लेअर पियानो’ आली. १९५४ मध्ये जॉर्ज डेव्हॉलनं त्या यंत्राच्या पेटंटचा अर्ज केला, ज्यातून पुढं पहिला औद्योगिक रोबो ‘युनिमेट’ झाला. १९५५ मध्ये फ्रेडरिक पोलची ‘द टनेल अंडर द वर्ल्ड’ आणि १९५६ मध्ये आर्थर क्लार्कची ‘द सिटी अँड द स्टार्स’, जिच्यात नगरीतली सगळी माणसं स्मृतिकोशात साठवलेली आहेत. टेपरेकॉर्डर बाजारात आल्यापासून आठ वर्षांत हे सगळं घडलं. हजार वर्षं जे कुणाला सुचलं नाही ते आठ वर्षांत चौघापाचांना सुचलं, हा योगायोग मी मानत नाही.

यातल्या दोन कथांवर मला रेंगाळायचं आहे. व्हॉनेगट स्वतः जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होता, त्यानं हे टेपवरचं मशीनकाम आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या कादंबरीत रूडी हर्ट्झ नावाचा लेथवाला आहे, कारखान्यातला सर्वांत हुशार हात. तरुण इंजिनिअर येतात, त्याच्या हालचाली टेपवर घेतात. त्याला याचा अभिमान वाटतो, ते त्याला बिअर पाजतात. त्यानंतर ती टेप सगळी लेथ चालवते आणि रूडीचं काम संपतं. पुढं म्हातारा रूडी त्यांतल्या एका इंजिनिअरला बारमध्ये भेटतो आणि त्याच्या सन्मानार्थ आपोआप वाजणाऱ्या पियानोत नाणं टाकतो. पट्ट्या आपापल्या खालीवर होतात, वाजवणारा माणूस दिसत नाही. मनाची प्रत यंत्रात असण्याचं याहून खरं चित्र मी कुठल्याही चित्रपटात पाहिलेलं नाही.

पोलची कथा भयकथेच्या वळणाची आहे. गाय बर्कहार्ट रोज सकाळी उठतो आणि रोज तारीख असते १५ जून. हळूहळू कळतं, की गावातल्या रासायनिक कारखान्याचा स्फोट होऊन सगळं गाव केव्हाच मेलं आहे. एका कंपनीनं मेलेल्यांची मनं नोंदवून इवल्याशा यंत्रांत घातली आहेत आणि टेबलावर मावेल एवढं गाव उभारून त्यांच्यावर जाहिरातींची चाचणी चालली आहे. माझ्या माहितीत खऱ्याखुऱ्या मनाच्या प्रती यंत्रदेहात राहत असल्याची ही अगदी पहिल्या काही कथांपैकी एक. पण इथं एक तपशील आहे, जो वाचक सहज ओलांडून जातात. स्फोट होण्याआधीपासूनच तो कारखाना जिवंत माणसांच्या मनांच्या नकलांवर चालत होता. माणसाचं कसब यंत्रात उतरवण्याचं तंत्र कारखान्यासाठी तयार झालं होतं, कंपनीनं ते मेलेल्यांवर वापरलं. म्हणजे कल्पनेचा उगम कथेच्या आतच नोंदवलेला आहे आणि तो शॉप फ्लोअरवर आहे.

आता शॉप फ्लोअर म्हणजे काय ते सांगतो. मोटरसायकलच्या चासीला एक ब्रॅकेट वेल्ड करायचा आहे. फिक्श्चरमध्ये जॉब आवळलेला, रोबोच्या हातात मिग वेल्डिंगची टॉर्च, माझ्या हातात टीच पेंडंट, म्हणजे रोबोला शिकवायचा नियंत्रक. पेंडंटच्या मागची कळ अर्धवट दाबून धरायची. सोडली किंवा घाबरून घट्ट आवळली, तरी रोबो जागच्या जागी थांबतो. मी एकेक पॉइंट टीच करत जातो. इथं टॉर्च अशी तिरकी, इथं वेग एवढा, इथं आर्क पेटव, इथं विझव. पुस्तकात सांगितलेलं सगळं बरोबर भरूनही वेल्डच्या कडेला खाच पडते, ज्याला आम्ही अंडरकट म्हणतो. मग मी लाइनवरच्या जुन्या वेल्डरला बोलावतो. एका कारखान्यात असे एकजण होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मामा म्हणाले, “ठिणग्या कसल्या बघताय साहेब, रस बघा.” त्यांनी हातानं तोच जॉब मारून दाखवला. काच लावून मी त्यांच्या मनगटाकडे पाहत राहिलो. टॉर्च दोन्ही कडांना जाऊन किंचित थांबत होती, मधल्या भागावरून मात्र झरकन निघत होती. कडेला वितळलेल्या धातूचा रस भरायला तेवढी उसंत मिळत होती. वाकणापाशी कोपर शरीराला टेकवून ते टॉर्च थोडी मागं झुकवत. मी ते सगळं आकड्यांत उतरवलं. झुलण्याची रुंदी, कडेला थांबण्याचा वेळ, कोपऱ्यावरचा कोन, करंट. वेल्ड स्वच्छ आला. तो प्रोग्रॅम त्याच लाइनवरच्या बाकीच्या रोबोंवर कॉपी झाला, नंतर दुसऱ्या प्लांटमध्येही गेला. मामांना चहा मिळाला.

मी जे केलं ते काही नवं नाही. नॉर्वेच्या ब्रिना गावात ट्रालफा नावाची कंपनी एकचाकी हातगाड्या बनवायची. रंगारी मिळेनात म्हणून त्यांनी रंग फवारणारा रोबो तयार केला, १९६९ पासून तो विकलाही. त्याला शिकवायचं कसं, तर रंगाऱ्यानं यंत्राचा हात स्वतःच्या हातात धरून एकदा सगळी गाडी रंगवायची. चुंबकीय टेपवर तो हात जसाच्या तसा उतरे, आणि मग रात्रंदिवस तोच रंगारी रंगवत राही. माणसाच्या शेजारी काम करणारे आजचे रोबो, म्हणजे कोबोटही, हाताला धरून असेच शिकवले जातात.

पण इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण कथांनी तिच्यावर पडदा टाकला आहे. टेपवर मामांचा हात उतरला, मामांचं मन उतरलं नाही. प्रेसमधून पार्ट किंचित वाकडा आला, दोन पत्र्यांत फट वाढली, तर मामा रस पाहून हात बदलतात. माझा रोबो त्याच वेगानं जातो आणि पत्रा जाळून भोक पाडतो. मग आम्ही आर्कच्या करंटवरून सांधा शोधणारी यंत्रणा बसवतो, कॅमेरा लावतो, आणि हात का बदलायचा या मामांच्या समजेतला आणखी एक तुकडा यंत्रात नेतो. दरवर्षी थोडा थोडा. पूर्ण मन नेण्याची गोष्ट किती दूर आहे, हे मेंदूच्या संशोधकांकडून कळतं. गोलकृमीच्या अवघ्या ३०२ चेतापेशींचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये त्या जोडण्यांची संगणकीय नक्कल लेगोच्या छोट्या गाडीवर चढवली, तेव्हा ती अडथळ्याला थांबून मागं वळली. प्रौढ फळमाशीच्या सुमारे १ लाख ३९ हजार पेशींचा नकाशा २०२४ मध्ये पुरा झाला. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८६ अब्ज आहेत, आणि नकाशा हाती आला तरी त्यातून आठवणी कशा वाचायच्या हा प्रश्न उरतोच.

दिघीत आणखी एक वाट आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाववत नाही. आळंदी रस्त्यावर डीआरडीओची अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. लष्करासाठीचा ‘दक्ष’ हा रोबो तिथलाच. संशयित स्फोटकापर्यंत तो जातो, जिने चढतो, एक्स-रे काढतो आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बॉम्ब निकामी करतो. २०११ मध्ये त्याची पहिली तुकडी लष्कराकडे गेली. दक्षमध्ये मन कुणी ठेवलेलं नाही. मन सुरक्षित अंतरावर बसलेल्या जवानाच्या डोक्यातच राहतं, धोक्याच्या जागी जातो तो देह. इंद्रदत्ताच्या कथेतला राखणदार इथं राखणीला न बसता स्वतःच तो देह चालवतो. मला या तंत्राबद्दल मनापासून आदर आहे, कारण त्यात माणसाकडून काही काढून घेतलेलं नाही, उलट त्याचा जीव वाचवला आहे.

मराठी विज्ञानकथेनं रोबोंना केव्हाच घरात घेतलं. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली आणि ती पहिली आली. पुढं त्यांच्या ‘वामन परत न आला’मध्ये लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून मिळालेल्या माहितीवर बुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो आणि त्या संस्कृतीचं काय झालं असावं हे उमगू लागतं. ती कादंबरी मी शाळेत असताना एका बैठकीत वाचली. या धंद्यात मी आलो त्यामागं तिचा मोठा वाटा आहे. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. आपली विज्ञानकथा घडवणारे बरेचजण प्रयोगशाळांतून आले. त्यांनी आकाश, अणू आणि जनुकं यांच्याकडे पाहिलं. ते साहजिक होतं. चाकण तेव्हा कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जात होतं. आता तिथं हजारो हात आहेत आणि ते हात रोज टेपवर उतरताहेत.

आज हे काम कारखान्यापुरतं राहिलेलं नाही. माणसाच्या आकाराचे रोबो शिकवण्यासाठी जगभर माणसं डोक्याला कॅमेरा बांधून कपड्यांच्या घड्या घालतात, कप उचलून ठेवतात, हातमोजे घालून दुरून यंत्राचे हात हलवतात. त्या नोंदींतून जे तयार होतं ते एका माणसाचं मन नसतं, अनेकांच्या हातांचा गाळीव अर्क असतो. पोलच्या कथेतल्या कारखान्याचं हे खरंखुरं रूप. आणि शकटालापुढे नव्हता तो प्रश्न इथं उभा राहतो. मन प्रवास करत होतं तोवर ते ज्याचं त्याचं होतं. त्याची प्रत निघाली की ज्याच्या कपाटात टेप, त्याची ती मालमत्ता.

गायकांच्या बाबतीत हा प्रश्न आपण सोडवत आलो आहोत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्ता’ कोण याची यादी आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडीही त्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं सादरकर्त्याला त्याच्या नोंदीच्या व्यापारी वापरातून रॉयल्टीचा हक्क मिळाला. ज्या कायद्यानं पुंगीच्या तालावर हलणाऱ्या गारुड्याच्या हाताची कदर केली, त्याला वेल्डरच्या मनगटाची कदर करणं अवघड जाऊ नये. रोबोच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या वर टिपणीसाठी एक ओळ असते. तिच्यात पार्ट नंबर, तारीख आणि प्रोग्रॅमरचं नाव टाकायची रीत आहे. मी तिथं ज्याच्या हातावरून पॉइंट घेतले त्याचंही नाव टाकतो आणि माझ्या हाताखालच्या पोरांना टाकायला लावतो. पण नुसत्या नावानं भागत नाही. तो प्रोग्रॅम दुसऱ्या रोबोवर चढला, दुसऱ्या प्लांटला गेला, की प्रत्येक प्रतीमागं ठरलेली रक्कम त्या वेल्डरला मिळावी, निवृत्तीनंतरही मिळावी, असं कलम कामाच्या करारात यायला हवं. आमच्या धंद्यातल्या माणसांनी ते ग्राहकापुढं मांडायला हवं, आणि युनियननं पगारवाढीच्या बोलणीत बोनसच्या शेजारी लिहायला हवं.

आणि दिवाळी अंकांच्या संपादकांकडे माझं एक मागणं आहे. रूडी हर्ट्झची कथा अमेरिकेत लिहून सत्तर वर्षं होऊन गेली. मामांची कथा अजून कुणी लिहिलेली नाही. ती लिहू शकेल अशी मुलं-मुली आज चाकणच्या लाइनवर ट्रेनी म्हणून उभी आहेत, कॉन्ट्रॅक्टवर आहेत, सेकंड शिफ्ट संपवून बसमध्ये मोबाइलवर कथा वाचताहेत. त्यांना पत्र पाठवा, त्यांच्याकडून कथा मागवा.